पाहुण्यांची शिदोरी

डोंगरांना नावेही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका खोऱ्यात जांभळी दरवर्षी फुलत, पण फळ धरत नसत. खोऱ्यात मधमाशी नव्हती.

तिथल्या एका खारीची दोन पिले भुकेने गेली होती. उरलेली दोन वाचवायची म्हणून ती घाट ओलांडून मधमाश्यांकडे गेली आणि त्यांना आवतण दिले.

राणीमाशीने विचारले, "वाटेत कोणी अडवणार नाही ना?"

"आमचं रान इमानी आहे," खार म्हणाली. तिला तसे खरेच वाटत होते.

मोहोर आठ दिवसांचा. माश्या पोटात मध भरून निघाल्या. त्या मधापासून मेण बनते, मेणाचे पोळे.

घाटाच्या तोंडाशी अस्वल बसले होते. "चढून दमलात. जरा हलक्या व्हा," ते म्हणाले. माश्यांनी मध दिला.

खाली फांद्या नेमून देणारे माकड होते. त्याने मध चाटून एक फांदी दाखवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ही दुसऱ्याला कबूल केली आहे. पुन्हा मध, पुन्हा नवी फांदी. थवा इथून उठे, तिथे लोंबे. घोंघावणे थांबेना. खाली फुले गळत होती.

खारीला बसवेना. ती राजाकडे, वाघाकडे धावली. वाघाने डोळेही उघडले नाहीत. "दोन थेंबांनी कोण मरतं? फुलं आपल्याकडे आहेत. जातील कुठे?"

त्याच्या मिशा चिकट होत्या. खार काय ते समजली.

सहाव्या दिवशी राणीमाशी म्हणाली, "बाई, फुलं चांगली आहेत तुझी. पण आता मेणापुरताही मध उरला नाही." थवा उठला आणि घाटापलीकडे गेला.

पुढच्या वर्षी खार पुन्हा गेली, दुसऱ्या पोळ्याकडे. फुले कुठे आहेत ते माश्या नाचून सांगतात. त्या सगळ्या दिशांना वळून नाचल्या. या खोऱ्याकडे एकही वळली नाही.

परतताना अस्वल भेटले. हाडे वर आली होती. "कधी यायच्या आहेत त्या?" त्याने विचारले.

खार तशीच पुढे गेली. तिने दोन्ही पिलांना घाटापार नेले. ती परत आली नाही. जांभळी त्या वर्षीही फुलल्या आणि फुले गळून गेली.

पाहुण्याच्या शिदोरीला जिथे हात घालतात, तिथे कोणी चूल मांडत नाही. आणि मग घरचेही उपाशी राहतात.