गरम जिलबी आणि महाराजांची इर्जिक

रत्ननगरच्या भूपतराव महाराजांनी गादी युवराजाला दिली आणि म्हातारपणी राहायला शहराबाहेर जमीन शोधायला घेतली. तेव्हापासून दिवाण त्र्यंबकपंतांची झोप उडाली ती उडालीच! महाराजांच्या अटी दोनच. शहरातली जिलबी पानात पडेल ती गरमच पडली पाहिजे. आणि शहरातला एकही अर्जदार दारात येता कामा नये.

आता आली का पंचाईत! वेशीजवळची जागा दाखवावी, तर जिलबीच्या आधी अर्जदार हजर. कुणाला जहागीर हवी, कुणाला मेव्हण्यासाठी चाकरी. "अरे, आता युवराजांकडे जा!" म्हटलं तरी हटत नव्हते. लांबची जागा दाखवावी, तर अर्जदार नाहीत, पण जिलबी गार. तळ्याकाठी तर स्वार घोड्याला फेस येईपर्यंत दौडत आला, तरी जिलबी इतकी कडक झाली होती की महाराजांनी ती तशीच दिवाणांच्या हातात दिली. दिवाणांनी ती खाल्ली. करतात काय!

असं फिरत फिरत महाराजांची स्वारी रायाजी माळ्याच्या मळ्यावर आली. त्या दिवशी मळ्यात इर्जिक होती. म्हणजे एकाच्या शेतात सगळ्या गावानं राबायचं. मजुरी नाही, पण दिवस मावळल्यावर पोटभर जेवण. आणि तिथला रिवाज असा, की इर्जिकीच्या शेतात जो पाऊल टाकेल, त्याच्या हातात काम द्यायचं. मग तो कोणी का असेना!

महाराज पालखीतून थेट विहिरीवरच्या आंब्याखाली उतरले. पाऊल शेतात पडलंच नाही. गार सावली, मोटेचा आवाज... महाराजांचा डोळा लागला. मागून अर्जदारांचा घोळका शेतातून येऊ लागला. रायाजीची लेक येसू वाटेतच उभी होती. जो येईल त्याच्या हातात तिनं खुरपं ठेवलं. "या काका, ही ओळ तुमची!"

काकांना एकदम घरचं काम आठवलं. दुसऱ्याच्या कमरेत उसण भरली. तिसऱ्यानं तर खुरपं हातात पडायचीही वाट पाहिली नाही.

महाराज जागे झाले, तो आसपास अर्जदाराचं नावही नाही! ते खूश होऊन म्हणाले, "पंत, या मातीतच गुण आहे! एक अर्जदार फिरकला नाही. जिलबी?"

"कोमट आहे, महाराज."

"चालेल! कोमटाची सवय करू. हाच मळा घेतला. रायाजी, तुला दुसरीकडे जमीन देऊ."

येसूनं आंब्याकडे पाहिलं. तो आंबा तिच्या आईनं लावलेला होता. आई गेली, आंबा तेवढा राहिला होता. असा आंबा असलेली जमीन दुसरीकडे कुठून आणायची?

ती पुढं झाली. "महाराज, या वयात कोमट जिलबीची सवय कशाला? उद्या गरम खाऊ घालते. आणि अर्जदार औषधालाही सापडायचा नाही. पण जागा मी सांगेन ती, आणि तिथं वागायचंही मी सांगेन तसं!"

"पोरी, माझ्या दिवाणांना जमलं नाही ते तुला जमणार? आणि नाही जमलं तर?"

"तर मळा तुमचा. आम्ही बिऱ्हाड उचलू."

"दिला शब्द!" महाराज म्हणाले.

"येसे!" म्हणून रायाजी तिला मागं ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी येसूनं महाराजांना नेलं ते वेशीबाहेरच्या माळावर. हलवायाची भट्टी हाकेच्या अंतरावर, आणि माळ म्हणजे नुसते दगड.

महाराज भडकले. "ही जागा? ही तर पंतांनी पहिल्याच दिवशी दाखवली होती. अर्जदारांनी मला श्वास घेऊ दिला नाही!"

"त्या दिवशी इथं इर्जिक नव्हती," येसू म्हणाली आणि तिनं महाराजांच्या हातात पाटी दिली. "ही धरा. बांधाला दगड न्यायचेत."

महाराजांनी पाटीकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं. शब्द दिला होता. वाकले!

तेवढ्यात सरदार मानाजीराव आले. "महाराज, ती जहागीर..."

"आज महाराजांकडे इर्जिक आहे," येसू म्हणाली आणि तिनं त्यांना भली मोठी पाटी दिली. मानाजीरावांनी एक दगड उचलला, जड आहे असं म्हणाले, होता तिथेच नीट ठेवला आणि निघून गेले. वेशीत जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण मागून निघालेली माणसं तिथूनच माघारी वळली.

आला तो एकटा, महाराजांच्या हत्तीचा म्हातारा माहूत. त्यानं न विचारता पाटी उचलली, दगड टाकले आणि म्हणाला, "महाराज दिसत नव्हते, करमेना. म्हणून आलो." महाराजांना फार बरं वाटलं.

जिलबीची परात आली. वाफ निघत होती! महाराजांचं बोट भाजलं, आणि ते समाधानानं फुंकर घालत राहिले. मग त्यांना शंका आली.

"आणि उद्या?"

"उद्याही इर्जिक."

"दगड संपले म्हणजे?"

"महाराज, माळाकडे बघा एकदा."

महाराजांनी पाहिलं. नजर पोहोचेल तिथवर दगडच दगड. त्यांची ती काळजी मिटली. पण कंबर धरून ते म्हणाले, "ते सगळं खरं. लोकांना पळवायला पाटी ठीक आहे. मला कशाला राबवलंस? मी राजा होतो!"

येसू म्हणाली, "मालकच बसून राहिला तर ती इर्जिक कसली, महाराज? तो तर दरबार झाला! आणि दरबार दिसला की अर्जदार येणारच!"

महाराज असे खदखदून हसले की हातातली जिलबी पाटीत पडली. "पंत! हाच माळ घेतला. रायाजीच्या मळ्याकडे पुन्हा कुणी वाकड्या नजरेनं बघायचं नाही. मळा पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा! आणि पुढच्या इर्जिकीला त्यांच्या शेतात मी स्वतः खुरपं घेऊन जाणार!"

"आज्ञा, महाराज," लांब उभे असलेले दिवाण मुजरा करायला लगबगीनं माळावर आले.

येसूनं त्यांच्या हातात पाटी दिली.