गुणाजी, काळा पडदा आणि वैदेहीचा शालू

विणकरांच्या एका गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव गुणाजी. वय चाळीस. अक्कल होती, पण ती तो फार जपायचा. इतकी जपायचा, की अजून कोरीच होती.

तो सुमनताईंच्या पैठणीच्या कारखान्यात कामाला होता. नक्षी काढायला तिथे एक जुनं वर्कस्टेशन होतं. कपाटाएवढा कॉम्प्युटर. चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. गुणाजीने एकदा ताईंचा मिक्सर आपटून चालू केला होता, तेव्हापासून कॉम्प्युटरही त्याच्याच गळ्यात पडला.

ताईंच्या वैदेहीचं लग्न ठरलं. ताई म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी विणलं. माझ्या लेकीच्या शालूची नक्षीही मीच काढणार आणि विणणारही मीच." नेमका तेव्हाच कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

गुणाजी रडवेला झाला. "ताई, गेला हो बिचारा!"

त्याने शहरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या कानडेसरांना फोन लावला. सर म्हणाले, "अरे, मशीन जिवंत आहे. पडद्यावर चित्र दाखवणारा एक प्रोग्राम असतो, डिस्प्ले सर्व्हर म्हणतात त्याला. तो अडकलाय. अडकलं की बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं."

सर सांगत गेले, गुणाजी बटणं दाबत गेला. पडदा उजळला. सगळ्यांनी शाबासकी दिली. गुणाजीने मनात पक्कं केलं : अडकलं की बंद करायचं, पुन्हा चालू करायचं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सकाळपासून बसून अकरा मोर काढले. बाराव्याला माऊस हलेना. त्याची वायर खुर्चीच्या पायाखाली आली होती.

"गुणाजी, हा अडकला बघ."

गुणाजीने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. डिस्प्ले सर्व्हर बंद केला, पुन्हा चालू केला. पडदा लख्ख झाला. मोर एकही नव्हता.

"अरे मेल्या!" ताई ओरडल्या. "काहीही बंद करण्याआधी नक्कल काढून ठेवावी रे!"

"चुकलो, ताई. पुढच्या वेळी ठेवतो."

पुढची वेळ लगेच संध्याकाळी आली. ताई माडीवर होत्या. वरूनच म्हणाल्या, "गुणाजी, दूध वर आलं असेल. गॅस बंद कर."

गुणाजीने कागद-पेन्सिल घेतली आणि गॅसची नक्कल काढायला बसला. शेगडी छान जमली. पातेल्याचा एक कान काढायचा राहिला होता, तेवढ्यात दूध ओट्यावरून खाली निघालं. ताईंनी कपाळावर हात मारला. गुणाजीने त्यांना चित्र दाखवलं.

नक्षी कशीबशी पुरी झाली. ताई मागावर बसल्या. इकडे गुणाजीला वाटलं, मोर अजून मोठे दिसावेत. त्याने डिस्प्ले सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चार आकडे बदलले. पडद्यावर नुसते आडवे पट्टे.

कानडेसर फोनवर म्हणाले, "घाबरू नकोस. बिघडण्याआधी जिथपर्यंत नीट होतं, तिथपर्यंत मागे जा. त्यानंतर जे केलंस ते सगळं काढून टाक."

गुणाजीने चारही आकडे काढले. मोर परत आले. हा धडाही त्याने पाठ केला.

तीन महिन्यांनी शालू मागावरून उतरला. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ताईंनी शालूवरून हात फिरवला आणि हसल्या. "पहिल्याच वितीत एका मोराची चोच वाकडी झालीय बघ. असू दे. दृष्ट तरी लागणार नाही." आणि वैदेहीला घेऊन त्या मावशीकडे केळवणाला गेल्या.

गुणाजीला काही ते बरं वाटेना. ताईंनी एवढा जीव ओतला आणि चोच वाकडी? तो दिवसभर राबला. जेवलासुद्धा नाही.

ताई परतल्या, तर दारात रेशमाचा ढीग. ढिगामागे गुणाजी, घामाघूम.

"हे काय?"

"ताई, चोचीपर्यंत नीट होतं. तिथपर्यंत मागे गेलो. नंतरचं सगळं काढून टाकलं."

"माझा शालू!"

"घाबरू नका हो! मी काय वेडा आहे?" गुणाजीने अभिमानाने कागदांचा गठ्ठा पुढे केला. "उसवण्याआधी नक्कल काढून ठेवलीय. अख्ख्या शालूचे झेरॉक्स आहेत. मोर तेवढे काळे आलेत."

ताई खाली बसल्या. बोलेनात, हलेनात, पापणीही लवेना. वैदेही पाणी आणायला धावली.

गुणाजीने क्षणभर निरखून पाहिलं आणि घाईघाईने फोन लावला.

"कानडेसर, ताई अडकल्यात. बंद करून पुन्हा चालू करतो. फक्त एवढं सांगा, आधी त्यांची नक्कल कशी काढू?"