बापूसोंची ढाल

एका गावात एक भोळा सिदू होता. त्याच गावात बापूसो नावाचे फार हुशार गृहस्थ होते. गोष्ट दोघांची आहे, पण हसायचं ते सिदूलाच, असा गावाचा रिवाज होता.

बापूसोंची मिरची कांडायची गिरणी होती. दारात फळा होता. त्यावर 'अपघाताविना दिवस' असं रंगवलेलं आणि पुढं खडूनं आकडा. तीनशे पासष्ट भरले की तालुक्याचे साहेब येऊन ढाल देणार होते. बापूसोंनी ढालीसाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. यंत्राच्या पट्ट्याला जाळी बसवायची तेवढी राहून गेली होती.

देठं काढणारी फुलाक्का रोज म्हणायची, "बापूसो, जाळी बसवा. कवातरी कुणाचातरी जीव जाईल."

"आधी ढाल तर येऊ दे," बापूसो म्हणायचे.

नियमाप्रमाणं सुरक्षा बघायला एक माणूस लागतो. त्यात कामाचा माणूस कशाला वाया घालवायचा, म्हणून सिदूला नेमलं. फळ्यावर तीनशे एकसष्ट होतं. बापूसो म्हणाले, "काय झालं तर लगेच सांगायचं."

त्याच दुपारी फुलाक्काचा पदर पट्ट्यात गेला. तिनंच कसंबसं भिंतीवरचं बटण दाबलं. पदर गेला, फुलाक्का राहिली. सिदूनं धावत जाऊन मारुतीच्या पारावर सगळ्या गावाला सांगितलं.

बापूसो फार हळहळले. फळ्यासाठी. "आरं, गावाला सांगायचं नसतं. आधी दार लावायचं आणि माझ्या कानात हळूच सांगायचं."

"व्हय बापूसो. आता कळालं."

दुसऱ्या दिवशी मोटारीजवळच्या मिरचीच्या पोत्यानं पेट घेतला. सिदूनं आधी दार लावलं. बायका आतच होत्या. बापूसो घरी दुपारची झोप काढत होते. झोपमोड नको म्हणून सिदू उशाशी बसून राहिला. ते जागे झाल्यावर कानात म्हणाला, "बापूसो, आत आग लागलीया."

तोवर बायकांनी खिडकी फोडून उड्या मारल्या होत्या. त्या धुरानं अर्धं गाव संध्याकाळपर्यंत शिंकत होतं. ज्यांची तिखटं उधार होती तेसुद्धा शिंकले.

"आरं, आग दिसली की वाळूची लाल बादली उचलायची आणि ओतायची. कुणाला इचारायचं न्हाई."

"व्हय बापूसो. आता कळालं."

तिसऱ्या दिवशी बापूसो लक्ष्मीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत होते. सिदूनं कुणाला विचारलं नाही. उदबत्ती विझली. लक्ष्मी बुजली. बापूसोंच्या कानातून दोन दिवस वाळू येत होती.

"आरं, उगा घाई करायची न्हाई. भिंतीवर बारा नियम लिवल्यात. आधी ते वाचायचं, मग हात लावायचा."

"व्हय बापूसो. आता कळालं."

चौथ्या दिवशी पोत्यांची थप्पी दगडू हमालाच्या पायावर कोसळली. सिदू भिंतीपुढं उभा राहिला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागला. दगडू खालून शिव्या देत होता, त्यामुळं दोनदा चुकलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. बारावा नियम 'जखमीस त्वरित मदत करा' असा होता. तो वाचून होईपर्यंत दगडूचा अंगठा भरताच्या वांग्याएवढा झाला होता.

आता बापूसोंनी त्याला जवळ बसवून घेतलं. साहेब दुसऱ्या दिवशीच यायचे होते. "सिदू, आपल्या गिरणीत कुणाला काय होत नसतं. दगडू पाव्हण्याच्या लग्नात नाचताना पडला. उद्या काय बी झालं तरी साहेबाला ह्येच सांगायचं. लग्न."

"व्हय बापूसो. आता कळालं."

या वेळी मात्र त्याला खरंच कळलं होतं.

तीनशे पासष्टाव्या दिवशी दारात मांडव सजला. फुलाक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहिली. बापूसोंनी फेटा बांधला, शेमला गुडघ्यापर्यंत सोडला. चालू यंत्राजवळ फोटो कसा दिसेल, ते बघायला ते आत गेले. पट्ट्यानं शेमला धरला.

"सिद्या, बटण!"

सिदूनं आधी बाहेर येऊन दार लावलं. समोर साहेब जीपमधून उतरत होते.

"बापूसो कुठं आहेत?"

"पाव्हण्याच्या लग्नाला गेल्यात."

आतून बोंब आली.

"मग हे कोण ओरडतंय?"

"त्येच. नाचत्यात."

फुलाक्कानं ताट टाकलं, दार ढकललं आणि बटण दाबलं. फेटा सगळा पट्ट्याला गुंडाळला गेला होता. बापूसोंची मान फुलाक्काच्या कृपेनं जागेवर होती. टक्कल सावरत ते बाहेर आले.

साहेबांनी सिदूकडं पाहिलं. "हा अपघात नाही?"

"न्हाई साहेब, आमच्यात हुतच न्हाईत. फुलाक्काचा पदर लग्नात फाटला. आग लग्नात लागली. दगडूचा अंगठाबी लग्नातच."

साहेबांनी ढाल पुन्हा जीपमध्ये ठेवली. खडू मागून घेतला आणि फळ्यावर मोठं शून्य काढलं. जाळी बसेपर्यंत गिरणीला कुलूप, असंही सांगितलं. मग विचारलं, "आणि इतकी लग्नं कुणाची रे?"

हे काही सिदूला शिकवलेलं नव्हतं. तो बापूसोंच्या कानाशी वाकला. हळूच बोलायचं असतं हे त्याच्या लक्षात होतं, पण कानात वाळू असेल म्हणून जरा मोठ्यानं म्हणाला, "बापूसो, साहेब इचारत्यात. लग्न कुणाचं म्हणून सांगू?"