अडकलेलं चित्र

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भिंतीला भिंत लागून दोन घरं होती. एकात राहायचे सखारामतात्या, एकटेच. दुसऱ्यात शैला राहायची, ती ब्लाउज शिवायची.

तात्यांची नात रेवती दूर शहरात राहायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. तिच्याशी बोलता यावं म्हणून तात्या उतारवयात खुणांची भाषा शिकले आणि त्यांनी घरी वायफाय घेतलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजोबा-नात मनसोक्त गप्पा मारायचे.

वायफाय आलं त्या दिवशी तात्यांच्या फोनमध्ये पासवर्ड शैलानेच घालून दिला होता. घरी आल्यावर तिने तोच आपल्या फोनमध्येही घातला. ‘तात्यांचं काय कमी होणार आहे?’ तिला वाटलं. मग संध्याकाळी मशीनवर बसलं की बाजूला फोनवर मालिका सुरू असायची.

एका संध्याकाळी मालिका तशीच चालू ठेवून शैला तात्यांना थालीपीठ द्यायला गेली. तात्या फोनसमोर बसले होते. पडद्यावर रेवतीचा हात अर्धवट उचललेला, तसाच थांबला होता.

“काय झालं तात्या?”

“चित्र अडकलं. हल्ली रोजच अडकतं,” तात्या म्हणाले. “तुम्ही-आम्ही निदान आवाजावर भागवू. हिचं सगळं बोलणं हातात. हात थांबला की पुढं काय म्हणत होती ते कळत नाही. परवा पोर रडली. सून सांगत होती, तिला वाटतं आजोबा मुद्दाम उत्तर देत नाहीत. आता म्हणतो, हे बोलणं बंदच करावं.”

शैलाला ताट कुठे ठेवावं ते सुचेना. भिंतीपलीकडून तिच्याच मालिकेचं गाणं ऐकू येत होतं.

ती घरी गेली आणि तिने फोनमधून तो पासवर्ड काढून टाकला. आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. चूक थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या हसतच तिच्या दारात आले. “शैला, तुझा पाय गुणाचा गं. काल तू येऊन गेलीस आणि लगेच चित्र कसं पाण्यासारखं चाललं. तुझ्यासाठी गूळपोळी आणली आहे.”

शैलाने हात पुढे केला नाही. “तात्या, ती पोळी मला नको. तुमचं वायफाय मीच वापरत होते, तुम्हाला न विचारता. माझ्यामुळेच चित्र अडकत होतं.”

तात्यांचं हसू मावळलं. त्यांनी पोळीचा हात मागे घेतला.

“विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं का?”

“नसतं म्हटलं. म्हणून तर विचारलं नाही. आपलंच आहे असं धरून चालले. माफ करा मला.”

“माझी माफी मागू नकोस,” तात्या म्हणाले. “रडली ती. तिची माग.”

“पण मला तिची भाषा येत नाही.”

“मग शीक.”

तात्या पायरीवर बसले. मनातला राग अजून गेला नव्हता, तरी त्यांनी माफीची खूण करून दाखवली. शैलाची बोटं सुईदोऱ्याला सरावलेली, पण इथे ती सारखी चुकत होती. ती पुन्हा पुन्हा करत राहिली.

संध्याकाळी रेवती पडद्यावर आली. तात्यांनी हातांनी तिला सगळं सांगितलं आणि फोन शैलासमोर धरला. शैलाने ती खूण केली.

रेवती तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग तिचे हात भरभर हलले.

“काय म्हणाली?” शैलाने विचारलं.

तात्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं. “म्हणते, अंगठा चुकला. नीट कर.”

शैलाने अंगठा सरळ केला आणि पुन्हा माफी मागितली. या वेळी रेवतीने मान डोलावली.

जाताना शैला दारात थांबली. “तात्या, तुमचं बोलणं झाल्यावर थोडा वेळ वायफाय वापरू का?”

“वापर की,” तात्या म्हणाले. “आणि आत ये, तुझी पोळी तशीच ठेवली आहे.”

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरताना ‘त्याचं काय जातं’ हे आपण ठरवू नये. ज्याचं जातं, त्यालाच ते माहीत असतं.