खोबणीतला तोतया

“मग मलाच का नाही, आई?”

कऱ्हेकाठच्या मठीत निमकर मास्तरांनी हे विचारलं, तेव्हा गोदाआई सुपातले तांदूळ निवडत होत्या. मास्तर कॉलेजात तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नऊ वर्षं दर गुरुवारी ते पहाटेच यायचे, आईंसमोरची एकुलती घोंगडी धरायचे आणि दुपारपर्यंत प्रश्न विचारायचे. बाकीची माणसं ओसरीवर ताटकळायची. पुष्कळदा तशीच परत जायची.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच आलेल्या एका कासारणीला आईंनी अर्ध्या तासात अनुग्रह दिला. मास्तरांच्या ते फार जिव्हारी लागलं. आजही आई नाही म्हणाल्या तर पुन्हा इथली पायरी चढायची नाही, असं ठरवूनच ते आले होते.

आईंनी मान वर केली नाही.

“तुमी पोरांस्नी काय शिकवायचा?”

मास्तर खुलले. शिकवायचं म्हटलं की त्यांना तहानभूक उरत नसे. शरीरात एन्झाइम नावाचे कामगार असतात, ते सांगू लागले. प्रत्येकाच्या अंगावर एक खोबण असते. पदार्थ येऊन त्या खोबणीत बसतो, मोडतो आणि वेगळाच होऊन निघून जातो. कामगार मात्र होता तसाच राहतो, पुढच्यासाठी मोकळा. पदार्थ वाढवला की कामाचा वेग वाढतो. पण सगळ्या खोबणी भरल्या की संपलं. मग बाहेर कितीही रीघ लागो, वेग तेवढाच.

“म्हंजी एका टायमाला एकच बसनार.”

“एकच.”

“मग काम आडतं कवा?”

“कधी कधी एक तोतया येतो. दिसायला त्या पदार्थासारखाच. खोबणीत अगदी चपखल बसतो. पण मोडत नाही, बदलत नाही. नुसती जागा अडवून...”

मास्तर थांबले.

आईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला...

ओसरीवर कोणीतरी खोकलं. मास्तरांनी वळून पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी त्या माणसांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. उंबऱ्याला टेकून पांढऱ्या कपाळाची एक तरुण बाई बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मागच्या गुरुवारीही ती तिथेच बसली होती, हे त्यांना आता आठवलं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठले. बाईला त्यांनी घोंगडीवर बसवलं आणि स्वतः रांगेच्या टोकाला जाऊन टेकले. मागून कोणी आलं की त्यालाही ते पुढे सरकवत राहिले. कोणाला पाणी दिलं, कोणा म्हातारीची हकिगत ऐकून घेतली. आपण काय मागायला आलो होतो, ते दिवसभर त्यांच्या मनातही आलं नाही.

उन्हं कलली. ओसरी रिकामी झाली. मास्तर उंबऱ्यापाशी आले आणि तिथेच उभे राहिले.

“आई... माझा नंबर?”

आईंनी घोंगडी झटकली आणि घडी घातली.

“सकाळीच झाला की, मास्तर. जावा आता घरी.”