शेवटचा कागद

फार मागे एका जत्रेत दोन कॅमेऱ्यांची पैज लागली. ज्याच्या फोटोपाशी जास्त गर्दी जमेल तो जिंकणार, हरेल तो भंगारात जाणार होता. जागच्या जागी कागदावर फोटो काढून देणाऱ्या छोट्या झटपट कॅमेऱ्याकडे कागद उरला होता एकच. मोठ्या कॅमेऱ्याने शंभर फोटो काढून टोमणा मारला, “काय टिल्लूशेठ, हात आखडला?”

छोटा कासारणीच्या दुकानापाशी वाट बघत राहिला. तिने नवरीचा हात दाबून शेवटची बांगडी चढवली, कळवळलेली नवरी खुदकन हसली, आणि त्याने नेमकं तेच टिपलं.

कागद निघाला पांढराफटक! लोक खो खो हसले. छोटा कासारणीच्या हाती कागद देत म्हणाला, “अक्का, सावलीत धरा, हलवू नका.”

हळूहळू बांगड्या उमटल्या, मग हसू. सगळी जत्रा तिथे लोटली, छोट्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. गर्दीमागून मोठा कॅमेरा ओरडला, “अहो, जरा सरका, मलाही बघू द्या!”