सरपंचांचे दोन शब्द

“…मग राजीनामा देऊन टाकू का, बुवा? हो की नाही, एवढंच सांगा.”

रतनगिरबुवांनी मान वर केली नाही. पळसाच्या पानाला पान जोडून ते काडी टोचत होते. शनिवारी मठात पंगत होती. मी शेजारी बसून पानं पुसून देत होतो.

विचारणारा जालिंदर, नदीपलीकडच्या गावचा सरपंच. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. मठात यायचा तो ताठ मानेनं, आणि बसायचा तो घड्याळ बघत. मला तो कधी फारसा आवडला नाही, हेही सांगून टाकतो. त्या दिवशी त्याच्या टोपीखाली तुळतुळीत डोकं होतं. आईला जाऊन आठ दिवस झाले होते.

“का द्यायचा?” बुवांनी विचारलं.

“झेपत नाही. दुकानात अकरा मोटारी उघड्या पडल्यात, शेतकरी उठता-बसता शिव्या घालतात. बायको कामापुरतं बोलते. पोरगी दहावीत गेली, ते मला कधी कळलं? शाळेत पाहुणा म्हणून सत्काराला गेलो तेव्हा.”

“हे चार वर्षं चाललंय. आज का आलास?”

जालिंदर घुटमळला. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, “गावासाठी काय करायचं ठेवलंय मी? टाकी बांधली. शेतात जायचा पांदीचा रस्ता केला. चार वर्षांत एका माणसाच्या मातीला चुकलो नाही. रक्षाविसर्जनाला दोन शब्द मीच बोलतो. नुसतं बोलत नाही, बायका पदर लावतात डोळ्याला!”

“आणि आईच्या वेळी?”

जालिंदर टोपी सारखी करू लागला.

“बोलला नाहीस?”

“बोललो ना. तिथंच तर घोटाळा झाला.”

आमच्याकडची रीत अशी, की तिसऱ्या दिवशी राख सावडली की सगळे घाटावर बसतात आणि गावातली मोठी माणसं गेलेल्याबद्दल बोलतात. घरचे लोक खाली मान घालून ऐकतात.

“कुणीतरी पुकारलं, आता सरपंच दोन शब्द बोलतील,” जालिंदर सांगू लागला. “मी उठलो. तोंडात बसलेलंच आहे सगळं… म्हणालो, शालनकाकी अत्यंत कष्टाळू आणि मनमिळाऊ होत्या. ग्रामपंचायतीच्या वतीनं मी त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहतो. त्यांच्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सर्व ग्रामस्थ सहभागी आहोत.”

“काकी?”

“सगळं गाव काकीच म्हणतं तिला.”

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, आलं. पण त्याचं तोंड बघितलं आणि ते तिथंच विरलं.

“कुणी काही बोललं नाही, बुवा. सगळे उठले. मग बहीण आली माझ्यासमोर. हात जोडले तिनं. म्हणाली, वेळात वेळ काढून आलात, बरं वाटलं सरपंच.”

बुवांच्या हातातली काडी थांबली.

“मी अजून रडलो नाही. आठ दिवस झाले. चौथ्या दिवशी कचेरीत जाऊन बसलो, सह्या केल्या. घरात सगळे माझ्याकडं बघतात. मलाच माझी भीती वाटायला लागलीय… राजीनामा दिला तर रडू येईल का?”

मी बुवांकडे पाहिलं.

बुवांनी पत्रावळ बाजूला ठेवली.

“आई कशी होती तुझी?”

“अत्यंत कष्टाळू…”

“ते ऐकलं.”

“धार्मिक वृत्तीची…”

बुवांनी हात वर केला. “दुखायचं काय तिचं? पाय की कंबर?”

जालिंदर विचारात पडला. “निराधार योजनेच्या पगारासाठी म्हाताऱ्या येतात माझ्याकडं. त्यांचं विचारा. एकेकीचं दुखणं सांगतो.”

“तुझ्या आईचं विचारतोय.”

मी तीच तीच पानं पुसत राहिलो.

“सकाळी ओसरीवर माणसं बसलेली असायची,” जालिंदर हळू बोलायला लागला. “चहा तीच आणायची. आधी सगळ्यांना, शेवटी मला. कप पुढं करून म्हणायची, घ्या सरपंच. थट्टा करायची.”

“मग?”

“मग थट्टा राहिली नाही. तेच नाव पडलं माझं… तेवढीच भेट व्हायची आमची. एकदा सगळे उठून गेले, तरी ती भिंतीला टेकून बसलेली. मी कागद बघत होतो. मान वर न करता विचारलं, तुमचं काय काम होतं?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, काही नाही रे बाबा. नुसती बसले होते.”

बुवांनी नुसती मान हलवली.

“तळपाय…” जालिंदर म्हणाला आणि अडखळला. “तळपायाची आग व्हायची तिच्या. दुपारची दुकानात यायची. चपला काढून फरशीवर पाय ठेवून बसायची. गार लागतंय रे, म्हणायची. आणि मी… मी म्हणायचो, आई ऊठ, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही.”

त्यानं टोपी काढून तोंडावर दाबली. पुढं जे झालं ते बघवत नव्हतं. एवढा थोराड माणूस, पानांच्या ढिगात कपाळ टेकून लहान पोरासारखा हुंदके देत होता. माझ्याही डोळ्यांना धार लागली. बुवांनी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

काय सवय असते माणसाला! रडता रडता तो उठून बसला, नाक पुसलं, घसा खाकरला आणि “बोला” म्हणायला तोंड उघडलं.

बुवांनी तळवा पुढे केला.

जालिंदरनं फोनकडे बघितलं, बुवांकडे बघितलं… आणि फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता. टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, अर्ध्या गावात पाणी नाही, सरपंचांना द्या.

“ते उद्या सकाळी येतील,” बुवा म्हणाले. “आज त्यांची आई वारली.”

तो माणूस गोंधळून म्हणाला, अहो बुवा, काकींना जाऊन तर आठ दिवस झाले, मी स्वतः मातीला होतो.

“नाही बाबा,” बुवा म्हणाले. “आत्ताच गेली.”